टॉवर, मीटर आणि काकूंचा प्रश्न

मोबाइल टॉवरचं रेडिएशन मोजायचं आणि मग लोकांना समजावून सांगायचं, हे माझं काम, त्यात दुसरं जास्त अवघड. ठाण्यातल्या एका सोसायटीत गेलो होतो, गच्चीवर टॉवर, त्याच्याच खालच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या मिस्टरांना कॅन्सर झालेला, मीटिंगला सगळे आधीच तापलेले.

मी नियम सांगितला, आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीच्या लहरींना ४.५ ऐवजी ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर. तर काकू म्हणाल्या, "धोका नव्हता तर दहापट कमी कशाला केलं हो? काहीतरी असणारच ना!"

अगदी रास्त प्रश्न आहे हा. खबरदारी घेतली की लोक निश्चिंत होतील असं सरकारी कागदाला वाटतं, पण ऐकणाऱ्याची शंका उलट वाढते. मी म्हटलं, काकू, मूळ मर्यादा शरीर तापतं त्यावरून ठरलीय, तीही धोका सुरू होतो त्याच्या बरीच खाली ठेवलीय, आणि लोकांना काळजी होती म्हणून आपण आणखी खाली आलो. २०११ मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, मोबाइल-टॉवरच्या या रेडिओ लहरी २बी गटात, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक' मध्ये टाकल्या तेही सांगितलं, पुरावा मर्यादित आहे आणि तो मुख्यतः कानाला फोन लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासातला आहे. काकांना कशामुळे झालं ते मात्र माझा मीटर सांगू शकत नाही, हेही स्पष्ट बोललो, खोटा दिलासा देणं मला पटत नाही.

मग मीटर काकूंच्याच हातात दिला. बेडरूम, गॅलरी, सगळीकडे मर्यादेच्या एक टक्क्याच्या आत, कारण अँटेना लहरी पुढे, जवळजवळ आडव्या फेकतो, बरोब्बर खाली फार कमी येतं, शिवाय मध्ये स्लॅब. तेवढ्यात एका मुलाने मीटरजवळ फोन लावला आणि आकडा उसळला! मग सगळे फोनबद्दलच विचारायला लागले, लिफ्टमध्ये रेंज नसताना फोन जास्त जोर लावतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

समोरच्या बिल्डिंगचे दोघं आले होते, अँटेनाच्या समोर त्याच उंचीवर राहणारे, त्यांचं म्हणणं मग आमच्याकडे काय? तिथे जास्त येऊ शकतं, मी सरळ सांगितलं. आता त्यांच्याकडेही मोजायचं ठरलंय.