स्टुलावर कोण होतं?

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

सकाळी समोरून येणाऱ्या गृहस्थांचं नाव आठवेना. वीस वर्षांची ओळख. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची बदली, जिना चढताना मधेच थांबून बोलायची सवय, सगळं डोळ्यांसमोर आलं. नाव तेवढं नाही. "काय, कसं काय?" करून वेळ मारून नेली. दुपारी भांडी विसळत होतो तेव्हा ते आपसूक जिभेवर आलं, आता कुणाला सांगू? उतारवयात असं अडकणं वाढतंच म्हणतात, आणि अडकतात त्यात पहिला नंबर नावांचा. बाकीच्या शब्दांना अर्थाचा टेकू असतो, नावाला तोही नसतो. शब्दसंग्रह मात्र म्हातारपणीही बराच काळ शाबूत राहतो. म्हणजे नाव आठवत नाही अशी लांबलचक तक्रार करण्यापुरते शब्द शिल्लक राहणार, हे बरं आहे.

पण आज लिहायला बसलो ते यासाठी नाही.

माळ्यावरचा जुन्या वह्यांचा खोका परवा नातवाने खाली काढून दिला. त्यात 1971 ची रोजनिशी निघाली. तेव्हा मी चौदा वर्षांचा, वसतिगृहात राहत होतो. नातू शेजारीच बसला होता, म्हणून त्याला माझी ठरलेली गोष्ट सांगायला घेतली. आजोबा गेल्याची तार आली तेव्हा मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होतो. बाहेर कुणीतरी हाक मारली, बाबा दाराशी गेले, आणि त्यांच्या पाठीकडे बघूनच मला कळलं. किल्ली अर्धीच राहिली. मग घड्याळ बंद पडलं आणि कितीतरी दिवस कुणी त्याला हात लावला नाही. ही गोष्ट मी पन्नास वेळा तरी सांगितली असेल. ती पितळी किल्ली बोटांत अजून जाणवते. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असायची, तीसुद्धा दिसते.

नातवाने मधेच विचारलं, "तार म्हणजे वायर?" त्याला समजावून सांगावं लागलं. त्या शब्दाने पोटात गोळा यायचा, तो समजावता येत नाही. आता वाईट बातमी ज्या फोनवर येते त्याच फोनवर सकाळी फुलांची चित्रंही येतात. दारात हाक ऐकून घरातले सगळे एकदम गप्प होणं, हा प्रकारच संपला.

मग वही चाळताना ते पान सापडलं. अक्षर माझंच, 'ळ' ची शेपटी लांब ओढलेली. लिहिलंय: "पेपर संपल्यावर काका न्यायला आले. आजोबा परवाच गेले म्हणे. मला मुद्दाम कळवलं नाही. तार आली तेव्हा ताई घड्याळाला किल्ली देत होती. घड्याळ अजून बंदच आहे."

मी तिथे नव्हतोच.

दोन दिवस त्या पानाशी भांडलो. चौदा वर्षांच्या पोराने चुकीचं लिहिलं असेल, असंसुद्धा मनात येऊन गेलं. हे माझं एकट्याचंच नाही. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर सव्वा मिनिटातच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच पुन्हा विचारलं. 11 जणांचं सगळंच्या सगळं चुकलं, आणि तेही छातीठोकपणे सांगितलेलं. त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद समोर ठेवले तरी मूळची आठवण काही परत आली नाही. हे पूर्वी वाचलं तेव्हा हसलो होतो.

आणि मी तर नुसती चूक केलेली नाही, आठवण उचलली आहे. जुळ्या भावंडांमध्ये हे फार होतं, 2001 मध्ये त्यावर एक शोधनिबंध आला होता. एकाच प्रसंगाबद्दल दोघंही म्हणतात, हे माझ्या बाबतीत घडलं. पुढे जुळं नसलेल्या भावंडांत आणि मित्रांतही तेच आढळलं. ताईने त्या रात्री मला सांगितलं असणार. मी ते मनात रंगवलं असणार, मग कुणाला तरी सांगितलं, मग आणखी कुणाला. प्रत्येक सांगण्यात मी त्या स्टुलाची एकेक पायरी चढत गेलो आणि ताईला खाली उतरवलं. किल्लीचा तो गार स्पर्श खोटा नसावा, एरवी मी ती कितीदा तरी दिली होती. पण त्या दिवशीची नाही.

वयाची दहा ते तीस ही वर्षं माणसाला म्हातारपणी सगळ्यांत ठळक आठवतात म्हणे. त्या ठळकपणावर मी आजवर केवढा विसंबून राहिलो! गेल्या आठवड्यात काय केलं ते सांगता येत नाही, पण तेव्हाचं विचारा, असं ऐटीत म्हणायचो.

पूर्वी ही चोरी फार दिवस पचली नसती. घरात आठ-दहा माणसं असायची. कुणी काही चुकीचं सांगितलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "काहीतरीच काय, तू कुठे होतास तेव्हा?" कुणाचं लग्न कुठल्या साली, कोण कुणाचा मावसभाऊ, यावर वाद घालायला माणसं होती आणि वेळही होता. एका घराची मिळून एक आठवण असायची, भांडून भांडून सरळ केलेली. आता मी सांगतो आणि समोरचा ऐकून घेतो, कारण खोडून काढणारं कुणी उरलेलं नाही. नातू माझं बाकी सगळं फोनवर पडताळून बघतो, सालं, राजधान्या, क्रिकेटचे सामने. त्याबद्दल माझी तक्रार नाही, निम्म्या वेळा तोच बरोबर निघतो. पण आमच्या घड्याळाचं त्याच्या फोनमध्ये काही नाही. त्याच्या स्वतःच्या लहानपणाचे मात्र हजारो फोटो आहेत. ते उघडून बघायला त्याला कधी सवड होईल कोण जाणे.

अखेर संध्याकाळी ताईला फोन केला. ती आता चौऱ्याहत्तरची. एकच गोष्ट दोनदा विचारते हल्ली, पण आवाज खणखणीत आहे. म्हटलं, "ताई, आजोबांची तार आली तेव्हा घड्याळाला किल्ली कोण देत होतं?"

"तूच की! स्टुलावर होतास. बाबांच्या पाठीकडे बघून तुला कळलं ना?"

माझेच शब्द. इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकवले की तिनेही आपली जागा सोडून दिली. क्षणभर वाटलं, असू दे, कशाला उकरायचं? तिला आता काय फरक पडतो? पण मग वही उघडून ते पान वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी होते तिथे."

"हो."

"मग मी रडले का रे तेव्हा?"

पान उलटून पाहिलं. मागे गणिताचं वेळापत्रक होतं. "ते नाही लिहिलेलं," मी म्हटलं.