जिप्सी किंगचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट घरी बदलताना

मारुती जिप्सी किंगचं १.३ लिटरचं इंजिन लांबीत बसवलेलं असल्यामुळे बॉनेट उघडलं की पंपाची बाजू समोरच दिसते. म्हणून हे काम अंगणात, साध्या पान्यांनी होतं. पण पूर्ण दिवस हाताशी असल्याशिवाय मी ते सुरू केलं नाही, कारण पंप टायमिंग बेल्टच्या, म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) आणि कॅम (झडपा उघडणारा दांडा) जोडणाऱ्या दात्यांच्या पट्ट्याच्या, मागे आहे.

पंप गेल्याची खूण रेडिएटरमध्ये शोधू नये. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूने एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून ठिबकतं आणि वाळलेल्या कुलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) पांढरट-हिरवट ओघळ उरतो. इंजिन बंद असताना फॅनचं पातं धरून पुढेमागे हलवलं. खडखड जाणवली, म्हणजे बेअरिंगही गेलेलं. असा पंप चालवत राहिलं तर फॅन रेडिएटरला घासू शकतो.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर कुलंट पसरट घमेल्यात काढला. तो गोड लागतो आणि विषारी असतो, त्यामुळे कुत्र्या-मांजरांपासून लगेच झाकून ठेवला. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. मग फॅनचं कव्हर, फॅन, फॅनबेल्ट आणि पंपाची पुली, या क्रमाने सुटं केलं. रेडिएटरही बाहेर घेतला. हात घालायला जागा होते. क्रँकपुलीचा मधला मोठा बोल्ट सोडावा लागत नाही. त्याच्याभोवतीचे छोटे बोल्ट काढले की पुली निघते.

टायमिंग बेल्टला हात लावण्याआधी क्रँक फिरवून दोन्ही खुणा जुळवल्या: कॅमपुलीची हेडकव्हरवरच्या खाचेशी आणि क्रँकच्या दात्यांच्या पुलीची ऑइल पंपावरच्या बाणाशी. शिवाय पांढऱ्या रंगाचे ठिपकेही दिले. बेल्ट उतरल्यावर क्रँक किंवा कॅम, काहीही फिरवायचं नाही. एवढं उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (तो ताणून धरणारी पुली) नवे घालावेत. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडणं मला पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला जुनं पॅकिंग खरवडण्यात, आणि तो जाऊ द्यावा. पंप बसतो ती जागा अ‍ॅल्युमिनियमची आहे. छिन्नी किंवा स्क्रूड्रायव्हर लावला तर ओरखडा पडतो आणि नवं पॅकिंग तिथूनच गळतं. ब्लेड आडवं धरून हळूहळू खरवडलं. आत कचरा जाऊ नये म्हणून तोंडात कापड कोंबलं होतं. पंपाचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे, सुमारे १ किलोग्रॅम-मीटर टॉर्कपर्यंतच आवळले. जास्त जोर दिला की आटे मरतात.

पंप बसल्यावर दोन छोटी रबरी सीलं लावायची असतात: एक पंप आणि ऑइल पंपाच्या मध्ये, दुसरं पंप आणि हेडच्या मध्ये. जुनी सीलं पंपाबरोबर टाकून दिली जातात आणि नव्या डब्यात ती आहेत का हे कुणी बघत नाही. ती नसली तर धूळ-पाणी थेट टायमिंग बेल्टवर जातं. चिखलातून जाणाऱ्या गाडीला हे परवडत नाही.

टायमिंग बेल्ट चढवून क्रँक पान्याने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवला, टेन्शनर आवळला आणि खुणा परत तपासल्या.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कुलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, इनटेक मॅनिफोल्डवरच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरच्या) झाकणाखाली आहे. झाकण दोन बोल्टांनी बसवलेलं असतं. हे बोल्ट गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलं, तरच न तुटता निघतात. जुना थर्मोस्टॅट दोऱ्याने, तळाला न टेकता, पाण्याच्या भांड्यात टांगला आणि शेजारी थर्मामीटर ठेवून गरम केलं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट त्या सुमारास उघडू लागतो, ९५ अंशांना पूर्ण उघडतो आणि झडप ८ मिलिमीटरहून जास्त उचलली जाते. जुना ९५ अंशांनाही अर्धवटच उघडला. नवाही बसवण्याआधी असाच तपासला. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि हवा सोडणारी छोटी झडप वर.

‘आपल्याकडे उन्हाळा, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिनाला चालायचं तापमान गाठायला फार वेळ लागतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर इंजिन गारच समजून पेट्रोल जास्त देत राहतो, तेल घट्ट राहतं आणि झीज वाढते. गाडी तापत असेल तर कारण रेडिएटर, पंप किंवा फॅनमध्ये शोधावं.

भरताना कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नाही. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. फॅनबेल्ट अंगठ्याने जोरात दाबल्यावर ६ ते ९ मिलिमीटर दबला पाहिजे. फार ताणला तर नव्या पंपाचं बेअरिंगच लवकर जातं. हीटर गरमवर ठेवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू केलं. काही मिनिटांनी वरचा होज एकदम गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली गेली, तेवढा कुलंट वरून घातला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पातळी पुन्हा पाहिली. आणखी पाव लिटर लागला.