मनगटातले १०४ ठोके

रात्रीचे तीन वाजून गेले होते. सैन्य भरतीच्या रॅलीच्या मैदानाबाहेर, रस्त्याच्या कडेला, मी एका पोराचं मनगट हातात धरून उभा होतो. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवली आणि पंधरा सेकंद मोजले. सव्वीस भरले. म्हणजे मिनिटाला १०४. याच पोराला मी चार महिने दर सोमवारी अंथरुणातून उठल्या उठल्या नाडी मोजायला लावत होतो. ५२ च्या पुढं ती कधी गेली नव्हती. आणि आता हा काही पळून आला नव्हता, दोन तास रांगेत नुसता उभा होता.

मी मनगट सोडलं आणि म्हणालो, "काही होत नाही गा. जा तू."

या गोष्टीला वर्ष होत आलं. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगचा कोर्स केलेला, त्यामुळं नोकरीतली बरीच वर्षं पीटी उस्ताद म्हणूनच गेली. आता बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या वाटेवरच्या एका माळावर पोरांना भरतीसाठी तयार करतो. पहाटे पाचला फॉल-इन. फक्कीनं आखलेला ४०० मीटरचा फेरा, दोन खांबांवर पाइप टाकून केलेला बीम, आणि पोरांनीच खणलेला नऊ फुटी खड्डा. बेळगुंदी, सोनोली, उचगावकडून पोरं सायकलीवर येतात. ती मला अजून उस्तादच म्हणतात.

भरती म्हणजे पळणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पळणं आहेच, पण ते हिशोबाचं पळणं आहे. १६०० मीटर, म्हणजे आमच्या मैदानाचे चार फेरे. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण. त्या वर्षी ५:४५ पर्यंत ४८ गुण होते, आणि त्यानंतर येणारा घरी. बीमला लटकून दहा वेळा अंग वर ओढलं की ४०. साडेपाच मिनिटांचे चार भाग केले की एका फेऱ्याला साडेब्याऐंशी सेकंद येतात. मी पोरांच्या अंगात हा आकडाच मुरवतो. घड्याळ न बघता, डोळे बांधल्यासारखा, प्रत्येकाला ८२ चा फेरा काढता आला पाहिजे. त्याला दोन-अडीच महिने लागतात. पोरगा फेरा संपवून येतो आणि मी बोलायच्या आधी स्वतःच सांगतो, "उस्ताद, चौऱ्याऐंशी." घड्याळात खरोखर ८४ असतात. त्या दिवशी मला फार बरं वाटतं. शिकवण्यात मला इतका आनंद दुसऱ्या कशात नाही.

ज्याचं मनगट मी धरलं होतं तो आमच्या मैदानावरचा सगळ्यात तयार पोरगा. वय एकोणीस. १६०० मीटर ५:०८, बीमवर चौदा. खड्डा तर तो हसत हसत ओलांडायचा. आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते, वडील भरतीत दोनदा मागं राहिलेले. म्हणजे घरातल्या दोन पिढ्यांचं ओझं याच्याच खांद्यावर. मी त्याला जपला. शेतातल्या कामाला लावू नका असं घरी जाऊन सांगितलं. रात्री नऊला झोप, सकाळी अंडी, दूध, भिजवलेले शेंगदाणे. शेवटच्या दहा दिवसांत पळणं निम्म्यावर आणलं, म्हणजे पाय ताजे राहतील. पुस्तकात जसं लिहिलंय तसं सगळं केलं.

दुसरा एक पोरगा होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, रात्रपाळीला मोल्डिंगचं काम करायचा. दहाला आत, सहाला बाहेर, आणि तसाच काळ्या हातांनी मैदानावर. त्याच्यासाठी मी वेगळी तुकडी लावली नव्हती, तो उशिरा येऊन उरलेल्यांबरोबर पळायचा. वेळ ५:२८, कधी ५:३१. मी त्याला तीनदा सांगितलं की काम सोड, नाहीतर भरतीचा नाद सोड. घरात कमावणारा तोच होता. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा. मनातून मी त्याला सोडूनच दिलं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गावानं देवळासमोर पोरांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. पाहुण्यांनी माझ्या त्या तयार पोराच्या पाठीवर थाप मारली आणि माइकवरून सांगितलं की हा गेला म्हणजे झालाच. मला हे मुळीच पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. भरती व्हायच्या आधी सत्कार करू नये. ज्या पोराला पळायचंय त्याच्या गळ्यात हार घातला की पळताना त्याला तो हार दिसतो. पण गावकऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही.

मैदान आमच्यापासून लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. दुपारी निघालो, रात्री अकराला पोहोचलो. एक वाजता रांग लागली. थंडी, वरून दव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारभर पोरं आणि त्यांच्या पिशव्या. पुढं कन्नडमधून कुणी ओरडतोय, मागं हिंदीतून. कधी आत घेतील ते कुणालाच माहीत नाही. २०२० नंतर दोन वर्षं भरतीच झाली नाही, त्यात कितीतरी पोरांची वयं निघून गेली. आता अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी, त्यातून चौथा हिस्सा कायम. तरी रांग लहान झालेली नाही. त्या रांगेत उभं राहिल्यावर आपण एकटे नाही हे कळतं आणि त्यानं धीर येण्याऐवजी पोटात गोळा येतो.

रांगेत मी आणखी एक गोष्ट बघितली आणि माझं डोकं फिरलं. शेजारच्या काही पोरांना त्यांच्या प्रशिक्षकानं गोळ्या वाटल्या. दम टिकतो म्हणे. आधीच धडधडणाऱ्या काळजाला आणखी चाबूक मारायचा हा प्रकार. कोवळ्या पोरांच्या जिवाशी असा खेळ करणाऱ्याला मी उस्ताद मानत नाही.

तीनला मी माझ्या पोरांपाशी गेलो. फाउंड्रीवाला पिशवीवर बसून, गुडघ्यात डोकं घालून झोपला होता. खरोखर झोपला होता, तोंड उघडं. उठवून त्याचीही नाडी बघितली. पंधरा सेकंदांत सतरा, म्हणजे ६८. घरी ६४ असायची. त्यानं खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला, दोन घोट पाणी प्यायला आणि परत मान खाली घातली. पहिला पोरगा मात्र उभाच होता. हात बर्फासारखे, दर वीस मिनिटांनी लघवीला जाऊन येत होता. पोळीचा घास गिळवत नव्हता. आईचा फोन तीनदा येऊन गेलेला. त्या दोन तासांत रांग जरा हलली की तो टाचा उचलून पुढं बघायचा, जसं काही आत्ताच शिट्टी होणार आहे.

१०४ हा आकडा माझ्या हातात होता. काय करायला हवं होतं ते मला शिकवलेलंही होतं. त्याला बसवायचं, कान-डोकं झाकायचं, फोन काढून घ्यायचा. चार आकडे मोजत श्वास आत, आठ मोजत बाहेर. श्वास सोडताना काळजाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. दहा-बारा मिनिटं शेजारी बसून करून घेतलं असतं तर नाडी पुष्कळ खाली आली असती. मी पलटणीत जवानांकडून हे गोळीबाराच्या आधी करून घेतलं आहे. आणि इथं माझ्याच पोराला मी "काही होत नाही" म्हणालो, कारण त्या वेळी मीही घाबरलो होतो. त्याचं मनगट धरलं तेव्हा माझी नाडी किती होती ते मी मोजलं नाही.

गेटच्या आत आम्हाला सोडत नाहीत. पुढचं मी दोघांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. उजाडल्यावर त्यांना आत घेतलं, अंग गरम करायला सांगितलं, आणि मग परत अर्धा तास खाली बसवलं. गरम केलेलं अंग पंधरा-वीस मिनिटांत निवतं. फाउंड्रीवाला बसल्या बसल्या पायाचे चवडे हलवत राहिला, भट्टीपाशी उभं राहून पाय ताठतात तेव्हाची सवय. दोघं एकाच तुकडीत होते. शिट्टी झाली आणि शंभरेक पोरांचा लोंढा सुटला. कोपरं, धक्के, कुणी पडला, कुणाचा बूट निघाला.

"पहिल्या फेऱ्याला तो माझ्यापुढं पन्नास-साठ मीटर होता, उस्ताद," फाउंड्रीवाल्यानं सांगितलं. "मी माझ्या ब्याऐंशीवरच होतो."

हिशोब सोपा आहे. माझा तयार पोरगा पहिला फेरा सत्तरच्या आसपास पळाला. महिनोन् महिने मुरवलेला आकडा लोंढ्यात वाहून गेला. अंगात भीतीचा जोर असतो तेव्हा पहिला फेरा फुकट गेल्यासारखा हलका वाटतो, तीच फसगत आहे. तिसऱ्या फेऱ्याला मांड्या दगड झाल्या. शेवटच्या वळणावर त्याला दोरी दिसत होती. वेळ संपली की दोन जवान दोरी ताणून धरतात, त्याच्या मागचे सगळे बाद. दोरी पडली तेव्हा तो वीस पावलं मागं होता.

फाउंड्रीवाला पहिल्या गटात, म्हणजे साडेपाच मिनिटांच्या आत आला. बीमवर दहा मारले. आज तो रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आहे.

पहिला पोरगा गेटमधून बाहेर आला तेव्हा रडत नव्हता. परतीच्या बसमध्ये खानापूर ओलांडेपर्यंत गप्प होता. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उस्ताद, रांगेत उभा असतानाच मी पळून संपलो होतो."

मी त्याला पळायला शिकवलं होतं. पण झोपलेल्या, खाल्लेल्या, ताज्या अंगानं, ओळखीच्या मैदानावर, मोकळ्या फेऱ्यात, माझ्या आवाजावर. भरती यातल्या कशावरच होत नाही. जागं अंग, रिकामं पोट, अनोळखी गर्दी, कधी बोलावतील याचा पत्ता नाही, आणि घरच्यांची आस. हे सगळं फाउंड्रीवाल्याचं रोजचं होतं, म्हणून त्याच्या अंगाला त्यात नवल वाटलं नाही. मी ज्याला अडचण समजत होतो तीच त्याची तयारी झाली. याचा अर्थ सगळ्यांना रात्रपाळीला पाठवावं असा नाही, रोजच्या जागरणानं पोरगं खंगतं. त्याची वेळ ५:२८ च्या खाली कधी आली नाही तीही त्या जागरणामुळंच. पण मी जपलेल्या पोराला महिन्यातून एक रात्र तरी न जपता ठेवायला हवं होतं.

आता ती रात्र आम्ही ठेवतो. महिन्यातून एकदाच, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी. एक वाजता पोरं देवळाच्या भिंतीला धरून रांगेत. फोन माझ्या पिशवीत. किती वाजता सोडणार ते मी सांगत नाही, कधी साडेचार, कधी सहा. या वेळात बसायचं, डोकं झाकायचं, डुलकी लागली तर घ्यायची. दर तासाला थोडं खायचं, अर्धं केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, पाणी घोटघोट. नाडी प्रत्येकानं स्वतः मोजायची आणि वहीत लिहायची. ८० च्या वर असेल तर चार-आठचा श्वास, मी शेजारी बसून. अंग गरम केलं की मुद्दाम वीस मिनिटं खाली बसवतो. मग शेजारच्या दोन गावांतली पोरं मिळून साठ-सत्तर जण एकदम सोडतो, आणि कडेला गावातली माणसं आरडाओरडा करायला उभी असतात. सुरुवातीला वहीत ११०, ११६ असे आकडे यायचे. तिसऱ्या-चौथ्या रात्री तेच पोरगं ७६ लिहितं. रांग तीच, थंडी तीच. सत्कार मात्र आता बंद केलाय. सरपंच नाराज आहेत, होऊ देत.

२०२५ च्या भरतीपासून नियम बदलला. ५:४५ च्या पुढंही गट आहेत, ६:१५ पर्यंत, गुण कमी कमी होत जाणारे. म्हणजे वीस पावलं मागं राहिलेला आत बसला असता. त्याच्या आईनं मला देवळापाशी गाठून विचारलं, "हे एक वर्ष आधी का नाही केलं हो?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं म्हणजे तिचा प्रश्न मलाच लागू होता.

पोराचं वय अजून बसतं. लेखी दिलीय, निकाल यायचाय. मधले काही महिने तो मैदानाकडं फिरकला नव्हता. गेल्या महिन्याच्या रात्री न सांगता आला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. मी त्याच्याकडं मुद्दाम गेलो नाही. तीन वाजता बॅटरी घेऊन रांग बघत गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, टॉवेल डोक्यावरून ओढलेला. वही मांडीवर उघडी, पेन्सिलीनं लिहिलेलं: १ वाजता ९६, २ वाजता ८४. तीनची जागा कोरी होती. त्याला झोप लागली होती.

मी बॅटरी विझवली आणि पुढच्या पोराकडं गेलो.