कमळगड, शेवटी झाला एकदाचा

तीन वेळा ठरवून कॅन्सल झालेला कमळगड आज झाला एकदाचा!! साताऱ्यातनं पहाटे निघालो, वाईत चहा मारला आणि धोम धरणाच्या कडेकडेनं नांदगणे. तिथनं चढ सुरू. पहिल्या तासातच माझ्या बुटाचा सोल निघाला, मग काय, सुतळीनं बांधून पुढचा सगळा ट्रेक (मित्रांनी फोटो काढून ग्रुपवर टाकलेत, त्यांना बघून घेतो).

पण वर माचीवर झाडीतनं बाहेर आलो ना, गप्पच झालो. एकीकडं कृष्णेचं खोरं, दुसरीकडं वाळकीचं, दोन्हीचं पाणी खाली धोममध्ये आणि समोर केंजळगड, रायरेश्वर, पाचगणीचं पठार सगळं एका नजरेत.

गडावर तटबंदी वगैरे शोधू नका. बघायची ती गेरूची विहीर, कातळात पन्नासेक पायऱ्या खाली उतरायचं, भिंती लालभडक, पाण्याचा पत्ता नाही पण गारवा असा की एसी झक मारतो. हाताला लागलेला गेरू अजून निघाला नाही.

उतरताना गुडघे बोलायला लागले. पुढच्या रविवारी पांडवगड, कोण येतंय? बूट नवीन घेतो आधी.