आतली चिठ्ठी

डेक्कन कॉलेजात असताना पहिल्याच उत्खननावर एक शिस्त अंगात भिनली. खापरांची पिशवी बांधताना चिठ्ठ्या दोन: एक आत, एक बाहेर. दोन्हींवर तोच मजकूर. स्थळ, खड्डा, थर, खोली, तारीख. बाहेरची चिठ्ठी ट्रकमध्ये फाटते, पावसात धुऊन जाते. आतली टिकते. गेल्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिनातल्या एका जेवणाच्या टेबलापाशी मला ही शिस्त आठवली आणि अजून ती डोक्यातून जात नाही.

मी मातीच्या आणि दगडी प्राचीन वस्तूंची संवर्धक आहे. लॉस एंजेलिसच्या आसपास मेक्सिको, पेरू, कोस्टारिका इथल्या कोलंबसपूर्व वस्तूंचे खाजगी संग्रह अजून घराघरांत आहेत. जमवणारा गेला की मुलं आम्हाला बोलावतात. म्युझियमला दान दिलं तर करात सवलत मिळते, पण पाच हजार डॉलरच्या वर किंमत दाखवायची असेल तर रीतसर मूल्यांकन लागतं. किंमत मूल्यांकनकार लावतो. वस्तू खरी की बनावट, किती मूळची आणि किती जोडलेली, हे मी लिहून देते. हल्ली निव्वळ फोटो बघून किंमत लावणारे मूल्यांकनकार झालेत. त्यांच्याबद्दल मला आदर नाही.

पॅसाडिनातल्या या घरी एकूण 43 वस्तू होत्या. मेक्सिकोतल्या गुरेरोच्या मेस्काला शैलीतल्या हिरवट दगडाच्या मूर्ती, तिथल्याच नायारितचं बसलेलं मातीचं जोडपं, कोस्टारिकातल्या निकोयाचा तीन पायांचा कोरीव दगडी पाटा. आणि सगळ्यांचा लाडका, पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाचा मातीचा कुत्रा. लालभडक, गुबगुबीत, आतून पोकळ, शेपटीच्या जागी तोटी. असे कुत्रे साधारण इसवी सनपूर्व 300 ते इसवी सन 300 या काळातले. पश्चिम मेक्सिकोत विहिरीसारखा उभा खड्डा खणून तळाशी खोली कोरत आणि तिथे मृतांसोबत हे ठेवत. अशा थडग्यांतल्या बहुतेक वस्तू चोरांनी काढल्या. 1993 मध्ये हालिस्कोतल्या वित्सिलापाला साडेसात मीटर खोल, कुणाचाही हात न लागलेलं थडगं अभ्यासकांना मिळालं, तेव्हा कुठे कोणती वस्तू कोणाच्या उशाशी होती हे नीट नोंदता आलं. त्याआधीच जगभरच्या कपाटांत शेकडो कुत्रे जाऊन बसले होते.

खरेखोटेपणा तपासायला मला घाई चालत नाही. आधी खोली अंधारी करून अतिनील दिवा. जुन्या दुरुस्तीतली लाख नारिंगी चमकते, नवे रंग वेगळे दिसतात. मग कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन. भाजलेला लेप हलत नाही, वरून मारलेला रंग बोळ्यावर उतरतो. मग काळे ठिपके. जमिनीतलं मँगनीज शतकानुशतकं पृष्ठभागावर साचून बारीक फांद्यांसारखे डाग पडतात. बनावट करणारे तेही ब्रशने काढतात, म्हणून मी ठिपके बघायला तुटक्या कडेवर जाते. जुन्या टवक्यावरून डाग सलग गेला असेल तर टवका जमिनीतच उडालेला असतो. एवढं करूनही अहंकार बाळगू नये. व्हेराक्रूझच्या ब्रीहिदो लारा या कुंभाराला 1974 मध्ये प्राचीन मूर्ती चोरल्याच्या आरोपाखाली पकडलं. मूर्ती मी स्वतः घडवल्यात, असं तो सांगत राहिला. शेवटी त्याने तुरुंगातच माती मागवून तशाच मूर्ती करून दाखवल्या आणि तज्ज्ञांनी त्याही प्राचीन ठरवल्या. तेव्हा कुठे तो सुटला.

कुत्रा खरा होता. ठिपके टवक्यावरून गेलेले, मुळांच्या रेषा, पोटाखाली झीज. डाव्या खांद्यावर बोटाएवढं गोल भोक, प्लास्टरने बुजवून रंगवलेलं. हे भोक मी ओळखते. चोर लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसून पोकळी शोधतात आणि सळई कधीकधी मूर्तीतच घुसते.

पावती होती. लॉस एंजेलिसच्या एका विक्रेत्याची, टाइप केलेली, सन 1964. इथली मोठी म्युझियम्स नोव्हेंबर 1970 ही रेघ मानतात. वस्तू त्याआधी मायदेशाबाहेर असल्याचा पुरावा हवा. मेक्सिकोच्या 1972 च्या कायद्याने तर अशी प्रत्येक वस्तू राष्ट्राची मालमत्ता आहे. 1964 म्हणजे सगळं सुरळीत.

तोटीतून कॅमेऱ्याची नळी आत सोडली तर पोटात काहीतरी करडं दिसलं. चिमट्याने वीस मिनिटं खटपट केल्यावर वर्तमानपत्राचा बोळा निघाला. स्पॅनिश मजकूर, ग्वादालाहाराच्या थिएटरांच्या जाहिराती, वरच्या समासात तारीख: जून 1977.

माझ्यासोबतचे ज्येष्ठ मूल्यांकनकार लगेच म्हणाले, "कुणीतरी नंतर कोंबला असेल. इथेही स्पॅनिश पेपर मिळतात. आपलं काम किंमत लावायचं." शक्यता म्हणून त्यात चूक नव्हती. म्हणून मी बोळा सावकाश उलगडला. एका बाजूला वाळलेल्या चिखलाचा पापुद्रा चिकटला होता. तो सुटून आला, भिंगाखाली धरला, तर चिखलावर उलटी अक्षरं उमटलेली. शाई मातीत उतरली होती. म्हणजे कागद आत गेला तेव्हा माती ओली होती. कुत्रा नुकताच जमिनीतून निघाला होता.

खोलीत जमवणाऱ्याची पत्नी, म्हणजे घरातल्या आजी, आणि त्यांची धाकटी मुलगी होत्या. आजी नव्वदीला टेकलेल्या. मी कागद टेबलावर ठेवला, चिखल दाखवला, समजावून सांगितलं. त्या बराच वेळ समासाकडे बघत राहिल्या. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "कुत्रा घरी आला तेव्हा तू कॉलेजात होतीस." मुलगी 1958 सालची. ती काही बोलली नाही.

जमवणारे नेहमी म्हणतात, आम्ही या वस्तू वाचवल्या, नाहीतर नांगराखाली गेल्या असत्या. आजींचे यजमानही म्हणत असणार. त्या माणसाने कुत्र्याला काचेच्या कपाटात ठेवलं होतं, दर रविवारी मऊ फडक्याने पुसलं होतं. त्या प्रेमावर मी शंका घेत नाही. पण विकत घेणारा होता म्हणून सळई जमिनीत गेली. त्या खड्ड्यात आणखी काय होतं, कुत्रा कोणाच्या पायाशी होता, ते माणूस बाई होती की मूल, हे आता कुणालाच कळणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत तान्ही मुलं पुरलेली सापडली. तेच रांजण बाजारात आले असते तर नुसते रांजण राहिले असते.

मूल्यांकनकारांना कागदाचा उल्लेख अहवालात नको होता. मी छायाचित्रांसह चार पानं लिहिली. त्या विक्रेत्याच्या आणखी अकरा पावत्या होत्या, सगळ्यांवर 1964, सगळ्यांतला टाइप केलेला 'e' एकाच जागी तुटलेला, म्हणजे टाइपरायटर एकच. तेही लिहिलं: पावत्या विश्वासार्ह नाहीत.

आजींनी कुत्रा परत द्यायचं ठरवलं. मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासात मी सोबत गेले. कागद आणि चिखल वेगवेगळ्या पाकिटांत घालून मी खोक्यात ठेवले, पाकिटांत आणि पाकिटांवर चिठ्ठ्या घातल्या. स्थळ आणि थर हे रकाने कोरे सोडावे लागले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने यादी केली: कुत्रा एक, कागद एक, माती एक पाकीट. त्याने माती वगळली नाही याचं मला फार समाधान वाटलं.

त्या अकरा पावत्यांच्या वस्तूंबद्दल मुलीने मला नंतर फोन केला नाही. त्यांच्या पोटात काही निघालं नव्हतं. मार्चमध्ये एका लिलावाच्या यादीत नायारितचं ते जोडपं दिसलं. बाईच्या उजव्या गुडघ्याजवळची चीर मी स्वतः मोजली होती, 31 मिलिमीटर. खाली लिहिलं होतं: 1964 साली खरेदी, पावती उपलब्ध. मी त्याच दिवशी माझा अहवाल लिलाववाल्यांना पाठवला. दोन आठवड्यांनी जोडपं विकलं गेलं. अहवाल मिळाल्याची पोच अजून आलेली नाही.