आधी कोपरा, मग टिपण

शाळेच्या स्मरणिकेत स्नेहसंमेलनं, मैदान आणि छड्या यांवर भरपूर लेख येतील, याची खात्री आहे. म्हणून मी ग्रंथालयाच्या तासाबद्दल लिहितो. त्या तासाची आठवण आमच्या तुकडीतला दुसरा कुणी काढेल असं वाटत नाही.

नववीत त्या तासाला सरांनी आम्हाला छोटा शोधनिबंध लिहायला सांगितला. विषय ज्याचा त्याने निवडायचा, पण निबंधाआधी कार्डं दाखवायची. जाड कागदाचं, पोस्टकार्डाएवढं कार्ड. वरच्या कोपऱ्यात लेखक, पुस्तकाचं नाव, आवृत्ती, वर्ष आणि पान; हे लिहून झाल्याशिवाय खाली एक अक्षर नाही. एका कार्डावर एकच मुद्दा. कोपरा रिकामा दिसला की सर खालचा मजकूर वाचायचेच नाहीत, कार्ड तसंच परत करायचे. आम्हाला हा निव्वळ छळ वाटे. निबंध लिहायला बसल्यावर मात्र गंमत कळली. वहीत उतरवलेली टिपणं पुस्तकाच्याच क्रमाने राहतात आणि निबंध नकळत पहिल्या पुस्तकाचा सारांश होतो. कार्डं टेबलावर पसरता येतात. तीन पुस्तकांतले तीन मुद्दे शेजारी ठेवले की ते एकमेकांशी भांडायला लागतात, आणि लिहिण्यासारखं काहीतरी तिथेच सापडतं.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश असाच चिठ्ठ्यांवर उभा राहिला, हे सरांकडूनच ऐकलं. १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना आवाहन केलं. पुस्तकात टिपण्यासारखा शब्द सापडला की चिठ्ठीवर तो शब्द, वर्ष, लेखक, ग्रंथ, पान आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवा. अशा लाखो चिठ्ठ्या जमल्या आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पुरी झाली. मरे ते पाहायला नव्हते. पण चिठ्ठीवर संदर्भ असल्यामुळे ती कुणी लिहिली, का लिहिली, हे मागाहून येणाऱ्या संपादकाला विचारत बसावं लागलं नाही.

टिपणांचे सर तीन प्रकार करायला लावत. शब्दशः उतारा असेल तर अवतरणचिन्हं तिथल्या तिथे, ‘नंतर घालू’ चालणार नाही. आपल्या शब्दांत लिहायचं तर परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, लिहा आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहा. अर्थ बदलला नाही ना, आणि मूळ वाक्य चिकटून आलं नाही ना, दोन्ही तपासायचं. चार शब्दांच्या जागी चार समानार्थी शब्द बसवले तरी वाक्य लेखकाचंच राहतं. आणि शब्द खरोखर आपले असले तरी विचार त्याचा असतो, म्हणून संदर्भ तिथेही हवाच. तिसरा प्रकार म्हणजे आपल्याच डोक्यात आलेली गोष्ट. तिच्यापुढे ‘मी’ असं लिहायचं. माझ्या मते तिन्हींत महत्त्वाचा हाच, आणि याच्याकडेच कुणी लक्ष देत नाही. सहा महिन्यांनी कार्ड हातात घेतल्यावर एखादं चमकदार वाक्य आपलं की दुसऱ्याचं, हे स्मरणशक्ती प्रामाणिकपणे सांगत नाही.

सरांचा आणखी एक नियम होता, ‘ज्याचं पान उघडलं नाही, त्याचं नाव संदर्भसूचीत नको.’ मूळ ग्रंथ मिळाला नाही तर ‘अमक्याने उद्धृत केल्याप्रमाणे’ असं सरळ लिहायचं. याचं मोल मला पुढे पालकाच्या भाजीने शिकवलं. एकोणिसाव्या शतकात एका संशोधकाचं दशांशचिन्ह चुकलं आणि पालकातलं लोह दहापट होऊन बसलं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. १९८१ मध्ये हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या लेखात सांगितली, संदर्भ न देता. मग इतरांनी हॅम्ब्लिनचा हवाला दिला, त्यांचा हवाला आणखी कुणी दिला. २०१० मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ माइक सटन यांनी माग काढला, तर दशांशचिन्हाच्या चुकीला पुरावाच मिळेना. २०१४ मध्ये रेकडाल या अभ्यासकाने ही दंतकथा हवाल्यांच्या साखळीतून कशी पसरली ते दाखवलं. निष्काळजी संशोधनाचा धडा म्हणून सांगितली जाणारी गोष्टच मुळात कुणी तपासली नव्हती!

आता प्रबंध तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. स्वल्पविराम कुठे, वर्ष कंसात की शेवटी, यावर विद्यार्थी हैराण असतात. संदर्भ कसे लिहावेत याची शिकागो विद्यापीठाची नियमपुस्तिका १९०६ पासून आहे, एपीएची (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची) पद्धत १९२९ मध्ये जेमतेम सात पानांची होती, आज जाडजूड पुस्तक आहे. त्याचं फार मनावर घेऊ नये. एक पद्धत धरावी आणि शेवटपर्यंत सोडू नये. ते काम झोटेरोसारखी, संदर्भ जमवून सूची बनवणारी संगणकीय साधनं करतात, फक्त त्यांनी भरलेलं लेखकाचं नाव एकदा डोळ्यांखालून घालावं. खरी धास्ती निराळी आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखले म्हणून दिले आणि दंड भरला. नावं, वर्षं, सगळं कसं ठाकठीक होतं.

शाळेच्या आजच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. प्रकल्पाचे दोन गुण बाजूला ठेवा. मुलाच्या सूचीतली कुठलीही एक नोंद आपण निवडायची आणि ते पान त्याला समोर उघडून दाखवायला सांगायचं. ‘संदर्भ : इंटरनेट’ असं लिहिणाऱ्यालाही हीच परीक्षा.