रुमाल टाकून धरलेली जागा

न्हाव्याने मागून आरसा दाखवला तेव्हा माझ्या टाळूवरची रुपयाएवढी विरळ जागा मला पहिल्यांदा दिसली, आणि त्यानंतर या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचत सुटलो. पहिला धडा असा, की पुरुषी टक्कल बहुधा पुरुषी हार्मोन जास्त झाल्याने पडत नाही. टाळूची केशमुळे त्या हार्मोनला अधिक संवेदनशील असतात, तर मानेवरचे केस त्याच रक्तावर पोसूनही जागचे हलत नाहीत.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून तयार होणारे डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन) हे हार्मोन केशमुळातल्या अँड्रोजन रिसेप्टरवर, म्हणजे पुरुषी हार्मोन जिथे बसून काम करते त्या जागेवर, टेस्टोस्टेरॉनपेक्षा घट्ट बसते आणि उशिरा उठते. त्याच्या प्रभावाखाली केसाच्या वाढीचा काळ आखूड होत जातो आणि दर फेरीला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक येतो. अमेरिकेत १९९७ साली या तक्रारीसाठी मान्यता मिळालेली फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी डीएचटी बनवणाऱ्या विकरालाच अडवते. रक्तातले डीएचटी त्यामुळे सुमारे ७० टक्क्यांनी उतरते, पण ते साऱ्या शरीरात उतरते, आणि काही पुरुषांना लैंगिक तक्रारी जाणवतात त्या याच गोळीने.

त्वचेवर लावायच्या अँटी-अँड्रोजनची, म्हणजे पुरुषी हार्मोनला अडवणाऱ्या औषधाची, रीत निराळी आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसे ते रिसेप्टरवर जाऊन बसते. रुमाल प्रवास करत नाही, पण तो आहे तोवर दुसऱ्याला बसता येत नाही. क्लास्कोटेरोन या अशाच एका औषधाचा रेणू स्टेरॉइडच्याच घडणीचा असल्यामुळे तो या जागेत बसतो, आणि रक्तात पोचल्यावर त्याचे लवकर कॉर्टेक्सोलोन या दुसऱ्या रेणूत रूपांतर होते, म्हणजे परिणाम बहुतांशी लावल्या जागेपुरता राहतो, ही त्याची मोठी सोय. मात्र अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या १ टक्का क्रीमला मिळालेली मान्यता मुरुमांसाठी होती, टकलासाठी नव्हे, हे जाहिराती वाचताना ध्यानात ठेवावे.

शिवाय ही जागा कायमची मिळत नाही. औषधाचा रेणू उठतो, डीएचटी शेजारी ताटकळत असतेच, आणि कोण बसेल हे त्या घटकेला कोणाची संख्या किती व पकड कशी यावर ठरते. म्हणून औषध रोज लावावे लागते, आणि थांबवले की केस पुन्हा जुन्या वाटेला लागतात.

मला डॉक्टरांनी तूर्त मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध दिले आहे, जे हार्मोनच्या या भांडणात पडतच नाही. तरी लावण्याची कसरत तीच: कंगव्याने भांग पाडायचा आणि ड्रॉपरचे टोक कातडीला टेकवायचे, कारण केसांवरच राहिलेला थेंब मुळापर्यंत पोचत नाही.